गलांडा

२००२ साली कोलोरॅडोत मोठा दुष्काळ पडला. डेन्व्हरमध्ये लॉनला पाणी घालण्यावर बंधने आली आणि ऑगस्टपर्यंत आमच्या गल्लीतली हिरवळ वाळून पापड झाली. दुष्काळ आपण सांगोल्याला सोडून आलो, अशी माझी इतकी वर्षे समजूत होती! खरे तर डेन्व्हरला बर्फाचे पाणी धरूनही वर्षाला जेमतेम १४-१५ इंच पाऊस होतो, म्हणजे सांगोल्याहूनही कमी. पण नळ सोडला की स्प्रिंकलर फिरतो, मग कशाला कोणाच्या लक्षात येते?

पुढच्या वसंतात आम्ही निम्मे लॉन काढून टाकले. कमी पाण्याच्या बागेला इथे 'झेरीस्केप' म्हणतात. 'झेरॉस' म्हणजे ग्रीकमध्ये कोरडे. हा शब्द १९८१ साली डेन्व्हरच्याच पाणीपुरवठा संस्थेने घडवला. (आमचे 'हे' त्याला अजून झीरोस्केप म्हणतात, कारण त्यांना बागेत काम शून्य हवे असते.) नर्सरीतून मी 'ब्लँकेट फ्लॉवर'ची सहा रोपे आणली. लालभडक पाकळ्या, पिवळी टोके आणि दर वर्षी त्याच मुळातून फुटणारे झाड. लेबलवर 'दुष्काळात तगणारे' असे लिहिले होते, पण माझा विश्वास बसेना. सकाळ-संध्याकाळ पाणी, वर कंपोस्ट आणि लॉनचे उरलेले खत. रोपे तरारून वाढली, आडवी पडली आणि त्यातली चार बुडाशी कुजली.

त्याच जूनमध्ये आई आली. बागेत पाऊल टाकताच म्हणाली, "आगं, ह्यो तर गलांडा!"

दसऱ्याच्या हारात झेंडूच्या जोडीने असणारा आपला गलांडा म्हणजे हाच गॅलार्डिया, हे माझ्या डोक्यातही आले नव्हते. तो मूळचा अमेरिकेचा. त्याची एक जात, गॅलार्डिया अरिस्टाटा, कोलोरॅडोत आपोआप उगवते. म्हणजे पाहुणे आम्ही होतो, झाड घरचेच होते.

आईने कुजलेले रोप उपटून हातात धरले. "पाण्यानं मेलंय. तहान सोसणाऱ्याला पाजून मारलंस, पोरी."

१९७२ च्या दुष्काळात आईने रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. मी पाच वर्षांची होते. सुकडीची आणि अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरीची चव मला अजून आठवते. आमच्याकडे आल्यावर पहिल्याच पहाटे शेजारच्या स्प्रिंकलरचे पाणी फुटपाथवरून गटारात जाताना पाहून आई दारात उभी राहिली. काही बोलली नाही, पण मला मात्र लाज वाटली.

मग तिच्या देखरेखीखाली उरलेली दोन रोपे हलवली. इथली माती चिकण, पाणी धरून ठेवणारी. म्हणून खडी मिसळून उंचवटा केला, दिवसभर ऊन येईल अशी जागा निवडली आणि बुडाशी लाकडाच्या भुशाऐवजी बारीक खडी पसरली. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा मुरेपर्यंत पाणी घातले, नंतर मात्र पंधरा दिवसांनी, तेही पाऊस नसेल तरच. खत बंद. सुकलेली फुले खुडत राहिले की हिम पडेपर्यंत बहर टिकतो. उन्हाळा सरताना झाड निम्मे छाटावे, नाहीतर फुलून फुलून दमलेले झाड हिवाळा काढत नाही.

२००५ च्या ऑगस्टमध्ये फोन आला. मी पोचेपर्यंत आई गेलेली होती. महिनाभर राहून परतले तेव्हा बागेत जायचे मनच होईना. छाटणी राहिली, बोंडे तशीच वाळली. गोल्डफिंच पक्षी येऊन त्यातले बी टिपत असत, ते मी खिडकीतून पाही.

वसंतात दोन्ही झाडे फुटली नाहीत. हे झाड तसे अल्पायुषीच, बहुधा दोन-तीन वर्षांचे, हे पुस्तकात वाचले होते. तरी फार लागले. दर दोन-तीन वर्षांनी वसंतात गड्डा विभागून लावला असता तर कदाचित टिकली असती, असेही वाटले.

मे अखेरीस खडी सारखी करायला वाकले, तर दगडांच्या फटीत लवदार पानांची इवली रोपे! मोजली, अकरा भरली. मी बोंडे खुडली नव्हती म्हणूनच बी पडले होते. संकरित झाडाचे बी, त्यामुळे पुढच्या वर्षी फुले आली ती हुबेहूब नव्हती. कोणी नुसते पिवळे, तर कोणी विटकरी. मी त्यांना पाणी घालायला धावले नाही.

तेव्हापासून दर शरदात मी काही बोंडे मुद्दाम ठेवते. दसरा हिमाआधी आला, तर तोरणातही दोन-चार फुले असतात. बी पाकिटात भरून मंडळाच्या दसऱ्याच्या कार्यक्रमात आणते. हवे असेल त्यांनी जरूर मागून घ्यावे. मातीवर नुसते दाबा, वर झाकू नका, त्याला उजेड लागतो. आणि एक विनंती, फार लाड करू नका!