पिकाचू, किंमत तीनशे फक्त

माझा भाचा नऊ वर्षांचा. त्याचा सगळा पॉकेटमनी पोकेमॉनच्या कार्डांत जातो. गेल्या महिन्यात पाकिटातून एक भारी पिकाचू निघाला. साहेबांनी तो नेहमीच्या दुकानात ३०० रुपयांना विकला, वर नवीन पाकीट घेऊन आले. जाम खूश! आठ दिवसांनी मी त्याच्याबरोबर त्या दुकानात गेले, तर काचेच्या कपाटात तोच पिकाचू. कोपऱ्यातला बारीक पांढरा ठिपका भाच्यानं लगेच ओळखला. चिठ्ठीवर किंमत, २८०० रुपये.

मी काही यातली एक्स्पर्ट नाही. पण कार्डावर खाली डावीकडे १७३/१६५ छापलेलं दिसलं. सेट १६५ कार्डांचा आणि याचा नंबर १७३? तर २०२३ साली आलेल्या ‘१५१’ नावाच्या सेटमधली ही मोजणीबाहेरची खास कार्डं. क्वचित निघतात, म्हणून महाग. भाच्याला हे माहीत नव्हतं. काउंटरपलीकडच्या माणसाला पक्कं माहीत होतं.

सीलबंद पाकिटाचं सोपं असतं. एमआरपी छापलेली असते, त्याच्या वर घेता येत नाही. सुट्ट्या कार्डाला कसली एमआरपी? बाहेरच्या देशांतला चालू भाव, कार्डाची अवस्था आणि (हे कुणी बोलत नाही) समोरच्या गिऱ्हाइकाचा चेहरा.

‘‘मॅडम, धंदा आहे. दुकानाचं भाडं कोण भरणार?’’

भाड्याचं मला सांगू नका हो! फ्रीलान्सर आहे मी, दर महिन्याला तेच गणित करते. तुम्ही नफा घ्या, पण पोराकडून?

मग दादरच्या एका दुकानात सहज चौकशी केली. तिथल्या मुलानं आधी मोबाइलवर त्या पिकाचूचा चालू भाव दाखवला. म्हणाला, ‘‘कॅश हवी तर निम्मे मिळतील, दुकानातला माल घेतलात तर साठ टक्के. लहान मुलांकडून आम्ही घेत नाही, आईबाबांना आणायला सांगतो.’’ निम्मे! म्हणजे कमावतो हाही. पण भाव दाखवून.

घरी येताना रिक्षात भाच्याला सगळं समजावलं. २८०० उणे ३०० त्यानं बोटांवर केलं, मग बराच वेळ बाहेर बघत बसला.

‘‘पण मावशी,’’ तो म्हणाला, ‘‘ते काका मला दर वेळी चॉकलेट देतात.’’