मौन धरलेले दोन भाऊ

मुलांनो, घरात एखादी वस्तू हवी असली की तुम्ही काय करता? आधी लाडीगोडी, मग हट्ट, मग पाय आपटणं. कुणी जेवणावर रुसून बसतं. जपानमधल्या दोन भावांनी मात्र याहून भारी युक्ती काढली. त्यांनी बोलणंच बंद केलं. घरात नाही, शेजारी नाही, अगदी शाळेत बाईमास्तरांशीसुद्धा नाही!

हे भाऊ सिनेमातले आहेत बरं का. थोरला मिनोरू, धाकटा इसामू. सिनेमाचं नाव ‘ओहायो’. सकाळी कुणी भेटलं की जपानी माणूस ‘ओहायो’ म्हणतो. म्हणजे आपलं ‘सुप्रभात’. १९५९ साली हा सिनेमा निघाला. तो केला यासुजिरो ओझू या दिग्दर्शकांनी. मी या ओझूंची चाहती आहे. ‘ओहायो’ मी सहा वेळा पाहिलाय. आमच्या घरी त्यावरून माझी थट्टा होते. पण तुम्हीच ऐका आणि ठरवा.

मिनोरू आणि इसामूला घरी टीव्ही हवा असतो. शेजारच्या घरी टीव्ही आहे, आणि सगळी पोरं तिथं सुमो कुस्त्या बघायला गर्दी करतात. आई म्हणते, तिथं जायचं नाही. मग घरात टीव्ही घ्या! वडील रागावतात, फार बडबड करता म्हणतात, गप्प बसा म्हणतात. त्यावर मिनोरू उसळून म्हणतो, मोठी माणसं तरी काय बोलतात? सुप्रभात, हवा छान आहे, कुठं निघालात, हे काय इथंच जरा. सगळं निरर्थक!

गंमत बघा. आपल्या गल्लीतही हेच चालतं की! ‘‘काय, बाजारात?’’ हातात पिशवी दिसत असते, तरी विचारायचं. ‘‘हो, जरा इथंच.’’ कुठं ते सांगायचं नाही, आणि विचारणाऱ्यालाही ते ऐकायचं नसतं! टोकियोच्या त्या वस्तीतला संवाद ऐकला आणि मला आमच्या वाड्यातल्या काकूच आठवल्या.

आता सिनेमाच्या देखणेपणाबद्दल सांगते, कारण मी ओझूंच्या प्रेमात पडले ती त्यामुळेच. त्यांचा कॅमेरा पळत नाही, घिरट्या घालत नाही. तो खाली, जमिनीजवळ ठेवलेला असतो. चटईवर बसलेल्या माणसाला जसं घर दिसेल तसं आपल्याला दिसतं. आपण मांडी घालून बसणारी माणसं, आपल्याला ते लगेच ओळखीचं वाटतं. दोन प्रसंगांच्या मध्ये वाळत घातलेले कपडे, विजेचे उंच मनोरे, रिकामी गल्ली असं काहीतरी क्षणभर दिसतं आणि गोष्ट पुढे सरकते.

आणि रंग! ओझूंनी आपला पहिला रंगीत चित्रपट केला १९५८ साली. त्यासाठी त्यांनी आग्फा कंपनीची फिल्म वापरली, कारण तिच्यातला लाल रंग त्यांना आवडायचा. त्या चित्रपटात एक लाल किटली आहे. ती इथं दिसते, तिथं दिसते, आणि तुमची नजर बरोबर तिच्यावर जाते. माझ्याही स्वयंपाकघरात आता लाल किटली आहे. का, ते सांगायला नकोच!

तुम्हीही एक करून बघा. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापा. जमिनीवर बसा आणि त्या खिडकीतून स्वयंपाकघर बघा. एक भांडं जरा डावीकडे सरकवा. चित्र बदललं ना? ओझू चित्रीकरणाच्या वेळी पेले-बाटल्या अशाच जरा इकडे, जरा तिकडे सरकवून बघत.

या ओझूंची आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. सिनेमात येण्याआधी, १९२२-२३ च्या सुमारास, ते एका डोंगराळ खेड्यातल्या प्राथमिक शाळेत बदली शिक्षक होते. म्हणजे आमचेच व्यवसायबंधू! मुलं कशी बोलतात, कशी एकमेकांना डिवचतात, हे त्यांना इतकं नेमकं ठाऊक होतं ते उगीच नाही. ‘ओहायो’तल्या मुलांचा एक खेळ आहे : कपाळावर बोट दाबलं की... पादायचं! हसा, हसा. जपानी मुलंही हसतात. हा खेळ चांगला जमावा म्हणून ती पोरं वजरीसारख्या दगडाची भुकटी खातात. तुम्ही मात्र असलं काही खाऊ नका हं!

तर, दोघं भाऊ गप्प बसतात. पुढं काय होतं? सकाळी शेजारच्या बाई समोरून येतात, मुलं त्यांना ‘सुप्रभात’ म्हणत नाहीत. बाईंना वाटतं, यांच्या आईनेच शिकवलं असणार, तिच्या मनात माझ्याबद्दल राग आहे. त्या दुसरीला सांगतात, दुसरी तिसरीला. उसन्या आणलेल्या वस्तू घाईघाईनं परत जाऊ लागतात. एक ‘सुप्रभात’ गळलं आणि सगळी गल्ली बिनसली! मिनोरूनं ज्याला निरर्थक म्हटलं, त्यानंच ती घरं एकमेकांना धरून होती.

हे मला पटलं ते वर्गात. माझ्या तिसरीच्या वर्गात एका वर्षी मध्येच एक मुलगी आली. वडील वीटभट्टीवर कामाला, घरची भाषा वेगळी. ती एक अक्षर बोलेना. मुलं म्हणायची, ‘‘बाई, ती मुकी आहे.’’ मी धडे विचारले नाहीत. रोज सकाळी दारात तेच तीन प्रश्न : ‘‘आलीस का गं? जेवलीस का? थंडी होती का वाटेत?’’ उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोन मुलींना यात गंमत वाटली, त्याही विचारू लागल्या. महिना होत आला. मग एके दिवशी डबा खाताना ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ‘‘बाई, तुम्ही जेवलात?’’ वर्गातलं तिचं ते पहिलं वाक्य. मी जेवले होते, तरी तिच्या डब्यातला घास घेतला. पाढे, वाचन सगळं त्यानंतर आलं.

सिनेमात मुलांचा एक तरुण शिक्षक आहे. त्याला मुलांची मावशी आवडते, तिलाही तो आवडतो. दोघं स्टेशनवर भेटतात आणि काय बोलतात? हवा छान आहे. तो ढग बघा, कसा वेगळाच दिसतोय! मनातलं एकही वाक्य नाही. पण आपल्याला सगळं कळतं. मिनोरू थोडा मोठा झाला की त्यालाही कळेल.

आता पालकांसाठी दोन शब्द. या सिनेमात एक वडीलधारा माणूस म्हणतो, टीव्हीनं दहा कोटी लोक मूर्ख होतील असं कुणीतरी म्हटलंय. आज आपण मोबाइलबद्दल असंच बोलतो, नाही का? ओझू मुलांची बाजू घेत नाहीत आणि बापाची खिल्लीही उडवत नाहीत. शेवटी वडील टीव्ही घेतात, कारण ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ विजेच्या वस्तू विकायच्या नव्या नोकरीला लागलेले असतात. त्यांना तेवढाच हातभार. हे वाचून मुलांनो, मौनव्रत सुरू करू नका! मी तुमच्या आईबाबांची बोलणी खाणार नाही.

‘ओहायो’ दीड तासाहून थोडाच मोठा आहे. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. माझ्या भाचरांना मी मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगत गेले, पण पादण्याच्या खेळाला भाषांतर लागलं नाही! घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊन बघा. आणि बघताना शेवटची चौकट चुकवू नका. दोरीवर काय वाळत घातलंय ते नीट बघा, आणि ते कुणाचं, का धुवावं लागलं, ते मला पत्रानं कळवा.