सुताची जाळी

धुळ्याच्या आत्यांनी कपाटातून काढून दिलेली सुताची लडी आज स्कार्फसाठी सुईवर चढवली. हाताने कातलेलं, कुठे जाड, कुठे केसासारखं बारीक. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात भरलं. आत्यांच्या घरातला चरखा त्याच वाऱ्याचा.

नमुना अगदी सोपा. सुईवर दोऱ्याचा एक वेढा, पुढचे दोन टाके एकत्र. परतीची ओळ सगळी उलट. वेढ्याने टाका वाढतो, जोडीने घटतो, म्हणून रुंदी तीच राहते आणि मधे नेमकं भोक पडतं. लोकर ताण सोसते, सूत मुळीच नाही. त्यात एकेरी सुताचा पीळ असा, की विणलेली पट्टी एका अंगाला तिरपी सरकते. ओली करून, टाचण्या लावून वाळवली की बरीचशी ताळ्यावर येते. जळगावच्या उन्हात वाळायला कितीसा वेळ!

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "एवढी भोकं? स्कूटीवर तोंडाला काय बांधणार?" मे महिन्यातल्या झळांपुढे हा स्कार्फ कुचकामीच. पण जानेवारीत धुळ्याला पहाटे थंडी चांगलीच बोचते. तेव्हा गळ्याशी दोन पदर चालतील. शेवटी लाल किनार घालावी म्हणते. आत्या नाक मुरडतील, त्यांना पांढरंच हवं असतं.