नोंदवहीतला जन्म

वाढदिवस ही आमच्या वाडीत तशी उशिरा पोहोचलेली गोष्ट. माझ्या वडिलांच्या पिढीत वय मोजले जाई ते अमक्या वादळाच्या अगोदर किंवा तमक्याच्या लग्नानंतर, अशा हिशेबाने. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून अशी होती. गुरुजींनी त्या वर्षी दाखल झालेल्या बहुतेक मुलांना एकाच दिवशी जन्माला घातले होते! खरी तारीख मिळाली ती चर्चच्या नोंदवहीत, आणि तीही जन्माची नव्हे, स्नानसंस्काराची. घरातील वडीलधाऱ्यांना तेवढी पुरेशी वाटे. मूल देवाच्या दारी केव्हा नेले हे ठाऊक असले, म्हणजे ते घरी केव्हा आले याची फारशी चौकशी कोणी करीत नसे.

अशा घरातून आलेल्या माणसाने वाढदिवसानिमित्त परदेशात सहल करावी, हे नवलच म्हणायचे. १९९८ साली मी पुढील शिक्षणासाठी रोममध्ये होतो. फेब्रुवारीत मला एकोणतीस वर्षे पूर्ण होत होती. माझ्या शेजारच्या खोलीत केनियाचा एक तरुण धर्मगुरू राहत असे. तो मोठा विनोदी. तो म्हणाला, "इटालियन भाषेत वाढदिवसाला 'कोम्प्लेआन्नो' म्हणतात, म्हणजे वर्ष पुरे करणे. मग ते ग्रंथालयातच का पुरे करतोस? चल, फ्लॉरेन्सला जाऊ." इटलीत तेव्हा लिरा हे चलन होते. आमच्या हाती हजारो लिरा असत आणि तरीही खिसा रिकामाच असे. पण दोघांच्या खिशांतले एकत्र केल्यावर रेल्वेचे तिकीट आणि धर्मभगिनींच्या अतिथिगृहातील एक रात्र एवढी सोय झाली.

शनिवारी सकाळी आम्ही फ्लॉरेन्सला उतरलो. प्रथम महामंदिराच्या घुमटावर चढलो. फिलिप्पो ब्रुनेलेस्की या कारागिराने १४२० ते १४३६ या काळात तो उभारला, आणि तोही जमिनीपासून लाकडी आधार न देता. वर जाण्यास ४६३ पायऱ्या आहेत. माथ्यावरून दिसणारी लाल कौलांची छपरे, आर्नो नदी आणि भोवतालच्या टेकड्या पाहून दमणूक विसरायला झाली. दुपारी उफ्फिझी संग्रहालयाकडे गेलो. त्याच्या मागच्या गल्लीत २७ मे १९९३ रोजी माफियाने बॉम्बस्फोट घडवून आणला होता. त्यात पाच जण मृत्युमुखी पडले. त्यांत एक नऊ वर्षांची मुलगी होती आणि तिची दोन महिन्यांचीही न झालेली धाकटी बहीण. भिंती दुरुस्त झाल्या होत्या. पण त्या गल्लीतून जाताना आम्हा दोघांचे बोलणे आपोआप थांबले.

महामंदिरासमोर संत योहान बाप्तिस्ता यांचे आठ बाजूंचे स्नानसंस्कार मंदिर आहे. लोरेन्झो गिबेर्ती यांनी सत्तावीस वर्षे खपून १४५२ साली पूर्ण केलेल्या त्याच्या सोनेरी दारांपुढे प्रवाशांची दाटी असते. १९९० पासून तेथे त्या दारांची प्रतिकृती आहे. मूळ दारे संग्रहालयात ठेवलेली आहेत. आम्ही आत गेलो. सृष्टीच्या निर्मितीचे सात दिवस आणि प्रभूच्या पुनरुत्थानाचा आठवा, म्हणून प्राचीन ख्रिस्ती समाज स्नानसंस्काराची घरे अष्टकोनी बांधीत असे, हे सेमिनरीत शिकलो होतो. तेथे ते डोळ्यांनी पाहिले.

महाकवी दान्ते यांचा स्नानसंस्कार याच मंदिरात झाला. १३०२ साली त्यांना या नगराने हद्दपार केले आणि १३२१ साली ते रावेन्नाला परक्या भूमीत वारले. आपल्याला कवीचा मुकुट मिळालाच तर तो आपल्या स्नानसंस्काराच्या कुंडापाशीच मिळावा, अशी इच्छा त्यांनी आपल्या महाकाव्यात व्यक्त केली आहे. त्यांना आठवले ते घर नव्हे, गल्ली नव्हे, तर हे कुंड!

याच मंदिराविषयी चौदाव्या शतकातील इतिहासकार जोव्हान्नी व्हिल्लानी यांनी एक गमतीची गोष्ट लिहून ठेवली आहे. तेथील धर्मगुरू दर मुलामागे एक काळा दाणा आणि दर मुलीमागे एक पांढरा दाणा बाजूला टाकीत असे. त्यावरून त्या काळी वर्षाला साडेपाच ते सहा हजार बालकांचा स्नानसंस्कार होत असल्याचा हिशेब व्हिल्लानी देतात. पुढे १४५० पासून नावांच्या वह्या सुरू झाल्या आणि त्या आजही जतन केलेल्या आहेत. दाण्याला नाव नसते. दाण्यांकडून नावाकडे येण्यास त्या नगराला शंभराहून अधिक वर्षे लागली.

रविवारी आम्ही सांतिस्सिमा आन्नुन्झियाता या मंदिरात मिस्साबलीत सहभागी झालो. पवित्र मरियेला देवदूताचा निरोप मिळाला त्या घटनेचे हे मंदिर. १७४९ पर्यंत फ्लॉरेन्सचे नवे वर्ष त्या घटनेच्या सणाला, म्हणजे २५ मार्चला सुरू होत असे. मिस्सा आटोपून बाहेर आलो तो त्याच चौकात एक देखणी कमानदार ओसरी दिसली. कमानींच्या मधोमध निळ्या गोलात पांढरी, दुपट्यात गुंडाळलेली बाळे हात पसरून उभी होती. ही आंद्रेआ देल्ला रोब्बिया यांनी १४८७ च्या सुमारास घडवलेली भाजलेल्या मातीची शिल्पे. ही इमारत म्हणजे निष्पाप बालकांचे इस्पितळ. हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बालकांचे नाव तिला दिलेले आहे.

रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने १४१९ साली हे काम हाती घेतले आणि त्याचा आराखडा घुमट बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीनेच केला. आई-वडिलांनी सोडून दिलेल्या बालकांसाठी १४४५ साली त्याची दारे उघडली. ५ फेब्रुवारीला, संत अगाथा हिच्या सणादिवशी, पहिले बाळ आले. ती मुलगी होती. तिचे नाव आगाता स्मेराल्दा असे ठेवण्यात आले. बाळ कोणत्या दिवशी आले, अंगावर कोणते कापड होते, सोबत चिठ्ठी होती काय, हे सारे लिहून ठेवण्याची तेथे रीत होती. कित्येक आया नाणे किंवा पदक मोडून त्याचा अर्धा भाग बाळाच्या अंगावर ठेवीत आणि अर्धा आपल्यापाशी जपत. दिवस पालटले तर दोन तुकडे जुळवून लेकराला ओळखता यावे, एवढीच आशा. २०१६ साली नव्याने सजवलेल्या तेथील संग्रहालयात हे अर्धे तुकडे मांडलेले आहेत. मी त्यांची छायाचित्रे पाहिली आहेत. त्यांचे दुसरे अर्धे बहुधा कधीच परत आले नाहीत.

या कथेला उगाच गोड करून सांगू नये. सोडलेल्यांत मुलींची संख्या अधिक होती. अनेक बाळांच्या माता धनिकांच्या घरच्या गुलाम स्त्रिया आणि मोलकरणी होत्या आणि पिता पुष्कळदा त्या घरचे मालकच होते. दूध पाजण्यासाठी खेड्यांत पाठवलेली बाळे फार मोठ्या संख्येने दगावली. बाळे आत घेणारी खिडकी १८७५ साली बंद झाली. मुलांचे आणि मातांचे कार्य मात्र तेथे आजही चालू आहे. त्या नगराचा अन्याय नोंदवहीने पुसला गेला नाही. परंतु ज्याला कोणी नाव द्यायला तयार नव्हते, त्याचे नाव तेथे शाईने लिहिले गेले, हेही खरेच.

वरच्या दालनात दोमेनिको गिर्लांदायो यांचे १४८८ सालचे चित्र आहे. तीन ज्ञानी बाळ येशूला नमन करीत आहेत आणि त्यांच्या पुढ्यात दोन लहान मुले गुडघे टेकून बसली आहेत. त्यांच्या अंगावर जखमा आहेत. ही बेथलेहेमची बालके. ज्याच्यासाठी आपण मेलो, त्याच्यापुढे ती शांतपणे बसली आहेत. माझा मित्र त्या चित्रापुढून हलेना.

नंतर आम्ही ओसरीच्या पायऱ्यांवर बसून पाव आणि चीज खाल्ले. हाच माझा वाढदिवसाचा मेजवानीचा थाट. तेव्हा तो म्हणाला, "माझ्या पासपोर्टवर १ जानेवारी ही तारीख आहे. ती एका कारकुनाने घातली. मला जन्म देताना आई गेली. आजी एवढेच सांगायची की, पाऊस उशिरा आला त्या वर्षीचा तू. म्हणून मी मिशनच्या वहीतला स्नानसंस्काराचा दिवस पाळतो. माझा जन्म सांगणारे आता कोणी उरले नाही. पण मला कोणी उचलून घेतले, ते लिहिलेले आहे."

वाचकहो, मी ख्रिस्ती धर्मसिद्धान्ताचे अनेक ग्रंथ वाचले. पण स्नानसंस्काराचा अर्थ इतक्या थोड्या शब्दांत कोठे वाचल्याचे स्मरत नाही. वाढदिवसाला आपण स्वतःचे अभिनंदन करून घेतो. पण जन्माला येण्यात आपले कर्तृत्व ते कोणते? कोणीतरी हात पुढे केले, म्हणून आपण आहोत. दिवस त्या हातांचा असतो.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी लग्नाच्या कागदपत्रांसाठी माझ्याकडे आली. ती धर्मभगिनींच्या अनाथालयात वाढलेली. तिने खालमानेने विचारले, "फादर, त्या वहीत माझ्या आईचं नाव असेल का?" मी वही काढली. आईचा रकाना कोरा होता, वडिलांचाही. जन्मतारखेपुढे 'अंदाजे' असा शब्द होता. तिचे डोळे भरून आले. मी तिला फ्लॉरेन्सची ती ओसरी आणि ते अर्धे तुकडे यांविषयी सांगितले. मग म्हणालो, "बाळ, कोरे रकाने पाहिलेस, आता भरलेले वाच." तिने वाचले. स्नानसंस्काराची तारीख होती, तिला दिलेले नाव होते, धर्मगुरूंची सही होती. आणि धर्ममाता म्हणून ती जेथे सापडली त्या प्रसूतिगृहातील एका आयेचे नाव होते.

तिने ते नाव कागदावर उतरवून घेतले. शोध घेता ती आया शेजारच्याच गावात निघाली, वयाने थकलेली. लग्नाच्या दिवशी नवरीचा हात धरून वेदीपर्यंत तीच चालत आली. हातात काठी होती, म्हणून दोघी सावकाश चालल्या. आणि वाद्यवृंदाने प्रवेशगीताचे पहिले कडवे पुन्हा एकदा वाजवले.