मागची खुर्ची

कापण्यापूर्वीं दोनदां मोजावें, हें शहाणपण शिंप्याला आणि सुताराला जितकें ठाऊक असतें तितकें प्राध्यापकाला नसतें. गेलीं तीस वर्षें मींहि पुष्कळ कापाकापी केली. पण ती विद्यार्थ्यांच्या निबंधांतील वाक्यांची. गेल्या दिवाळींत मीं प्रथमच एक विमान कापविलें, आणि तें चुकीचें कापविलें.

विमान म्हणजे वीतभरहि लांब नसलेली प्रतिकृति. एअरफिक्सच्या पेटींतील प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून ती करावयाची. प्रमाण मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाचें. विमान होतें नॅट. ज्यांना १९६५ व १९७१ चीं युद्धें आठवतात त्यांना हें नांव नवें नाहीं. पण पेटींतील नॅट ब्रिटिश वायुदलाचें शिक्षणाचें विमान होतें: दोन खुर्च्यांचें, पुढें शिष्य आणि मागें गुरु. आम्हांला हवें होतें आपल्या वायुदलाचें, एका खुर्चीचें. तसाहि संच बाजारांत मिळतो; पण आयत्या वस्तूंत मौज कसली, असें मीं ठरविलें.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मुलगा. तो चाकणच्या एका कारखान्यांत टूलरूममध्यें काम करतो. त्यानें माझ्यासारखें साहित्य शिकावें अशी माझी इच्छा होती. त्यानें डिप्लोमा घेतला. त्यावरून आमचें भांडण झालें नाहीं; झालें असतें तर बरें झालें असतें. सुशिक्षित घरांत भांडणाच्या जागीं अबोला येतो, आणि तोहि 'जेवलास का?', 'हो' अशा सभ्य शब्दांनीं झांकलेला असतो. आमच्या चिंचवडांत पवनेच्या कांठीं मोरया गोसावींची समाधि आहे आणि थोड्याच अंतरावर कारखान्यांच्या रांगा. दोन्हीं एकाच गांवांत सुखानें नांदतात. आमच्या चार खोल्यांत तेवढें जमत नव्हतें. म्हणून रविवारच्या दुपारीं विमान जोडण्याची कल्पना निघाली.

नॅटची कथा गमतीची आहे. लढाऊ विमानें उगाच जड आणि महाग होत चाललीं आहेत, असें पेटर नांवाच्या इंग्रज अभियंत्याचें मत होतें. त्यानें आंखलेलें हें चिमुकलें विमान १९५५ च्या जुलैंत प्रथम उडालें. ब्रिटिश वायुदलानें तें लढाईसाठीं घेतलें नाहीं. भारतानें मात्र १९५६ मध्यें परवाना मिळवून पुढें तें बंगळूरला बांधलें. दुसरी खुर्ची ब्रिटिशांनीं मागाहून बसविली. म्हणजे आधीं योद्धा, नंतर गुरु! आम्ही इतिहास उलटा चालविणार होतों.

द्विआसनी विमानाची लांबी ९.६८ मीटर, एकआसनीची ८.७४. फरकाला बहात्तरानें भागलें कीं तेरा मिलिमीटर येतात. पंखांचा पसारा ७.३२ मीटरांवरून ६.७३ वर आणावयाचा, म्हणजे प्रत्येक टोकास चार मिलिमीटर कमी. मीं भागाकार केला आणि फर्मान सोडलें, "पुढच्या खुर्चीमागून तेरा मिलिमीटर काप."

"बाबा, सगळें एकाच ठिकाणीं कापलें तर तोंडें जुळणार नाहींत. मागें अंग फुगीर आहे. दोन ठिकाणीं थोडें थोडें काढूं."

"अरे, भागाकार चुकलेला नाहीं," मी म्हणालों.

त्यानें निमूटपणें करवत चालविली. तुकडे जुळवून पाहतों तों मध्यें ही मोठी पायरी! एकाचें डोकें दुसऱ्याच्या धडावर बसवावें तसें दिसूं लागलें. भागाकार बरोबर होता, विमान चुकलें होतें. तो कांहीं बोलला नाहीं. त्याच्या जागीं मी असतों तर पाऊण तास बोललों असतों.

पुढच्या रविवारीं त्यानें दुसरी पेटी आणली. या खेपेस खुणा त्यानें केल्या. व्हर्निअर कसा धरावा, सांध्यांत लांबी कशी भरावी, आणि ती वाळेपर्यंत हात आवरून कसें बसावें, हें त्यानें मला दाखविलें. एकदां माझ्या बोटांवर हात ठेवून तो म्हणाला, "दाबूं नका, बाबा. कानस आपलें काम करते." तो लहान असतां अक्षर गिरवितांना मीं त्याचा हात असाच धरला होता. फक्त माझा हात जड पडत असे.

विमान पुरें झालें तेव्हां त्या एकाच खुर्चीकडे मी बराच वेळ पाहत राहिलों. १४ डिसेंबर १९७१ रोजीं श्रीनगरच्या आकाशांत फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों असल्याच नॅटमधून सहा सेबर विमानांशीं लढले व धारातीर्थीं पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालें. त्यांनाहि कधींकाळीं कोणी गुरूनें मागें बसून शिकविलें असेल. पण त्या सकाळीं मागें खुर्ची नव्हती. शिकविणाऱ्यानें वेळींच उतरावयाचें असतें. माझा मुलगा कधींच एकटा उडूं लागला होता. मीच मागें बसून सूचना देत होतों.

कापून उरलेले तुकडे तो केरांत टाकावयास निघाला. त्यांतली मागची खुर्ची मीं मागून घेतली. ती आतां माझ्या टेबलाच्या खणांत, तांबड्या पेन्सिलीशेजारीं असते. त्याला सल्ला देण्याची फारच उबळ आली कीं मी खण उघडून ती पाहतों. कधीं कधीं खण उघडावयास उशीर होतो; पण तो आतां हंसतो.