सहा नंबरच्या आजी

वृद्धाश्रमावर निबंध लिहायला सांगितला की आमच्या वर्गात एकच गोष्ट पन्नास हस्ताक्षरांत लिहिली जाते. कृतघ्न मुलगा, दुष्ट सून, खिडकीशी बसलेली आई आणि शेवटी पाश्चात्त्य संस्कृतीला दोन शिव्या. मलाही शाळेत अशा निबंधाला दहापैकी आठ गुण मिळाले होते. वास्तविक पुण्याच्या नवी पेठेतला ‘निवारा’ एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभा राहिलेला आहे. म्हणजे म्हातारपणी आधार नसणे हे दुःख काही कालपरवाचे नाही. पण एक प्रश्न आमच्या निबंधांत कधीच येत नाही. खिडकीशी बसलेल्या त्या आईला उचलून तिथे बसवले कोणी?

माझ्या आईने. माझी आई पुण्यातल्या एका वृद्धाश्रमात ‘मावशी’ आहे. सकाळी आठ ते रात्री आठ. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीबाई बेचाळीस वर्षांच्या बाईला मावशी म्हणतात, याचे मला पहिल्यांदा हसू आले होते. आईच्या वाट्याला सात माणसे आहेत. आश्रमात एका माणसाचे महिन्याला जे घेतात, ते आईच्या पगाराहून जास्त आहे. गणित माझा विषय नाही, म्हणून पुढे जाते.

सुटीच्या दिवशी मी आईचा डबा घेऊन जाते आणि तिथेच रमते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. दोन गुडघ्यांमध्ये उशी, टाचा अधांतरी. भरवताना माणूस ताठ बसलेला हवा आणि जेवणानंतर अर्धा तास त्याला आडवे करायचे नाही, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. आईला हे कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. आई सातवी शिकली आहे.

तीन नंबरचे आजोबा दिवसभर शांत असतात. दिवेलागण झाली की चपला घालून दाराशी येतात आणि एस.टी. किती वाजता आहे विचारतात. त्यांचे गाव धरणात गेलेले आहे. नवीन आलेल्या मुली त्यांना समजावतात, “आजोबा, आता हेच तुमचं घर.” मग ते चिडतात, रडतात. आई म्हणते, “गाडी सातला हाय बाबा. चहा घेऊ न् मग जाऊ.” चहा होईपर्यंत गाडी विसरलेली असते. ह्याला कोणी खोटे बोलणे म्हणेल; मी म्हणत नाही.

सहा नंबरच्या आजी निवृत्त शिक्षिका. अर्धांगवायूने डावी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत. त्यांचा मुलगा परदेशी असतो. दर रविवारी फोन करतो, पैसे वेळेवर पाठवतो. निबंधातल्या मुलासारखा तो अजिबात नाही. मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते आणि त्या डोळे मिटून माझा ‘न’ आणि ‘ण’ दुरुस्त करतात. “पाणी म्हण. पानी नव्हे.” त्याच वेळी आई त्यांची पाठ पुसत असते आणि म्हणते, “पानी गरम हाय का आजी?” तिला त्या कधीच दुरुस्त करत नाहीत.

समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा वाचला. मुलांनी आईवडिलांना निर्वाह-रक्कम द्यावी; कायद्यात तिची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांसाठी एक तरी आश्रम असावा, असेही त्यात आहे. वाचताना मला माझा मामा आठवत होता.

मामा बीड जिल्ह्यातला. मामा-मामी दरवर्षी ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको दोघांचा ‘कोयता’ लागतोच. दसऱ्यानंतर गेलेले पाडव्याच्या आसपास परततात. तोवर पोरांना सांभाळायला घरी माझी आजी, म्हणजे आईची आई. भाद्रपदात ती ओसरीवरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण अजून उभी राहत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये आणि दहा वर्षांची नात, एवढ्यावर ती खाटेवर आहे. मामा रडत रडत गाडीत बसला. त्याला कृतघ्न म्हणायचे का, हे मला कोणी सांगावे.

आई आठ दिवस जाऊन आली. त्या आठ दिवसांचा पगार कापला गेला. आता दुपारच्या सुटीत ती आश्रमाच्या जिन्यात उभी राहून शेजारणीला फोनवर सांगते, “कूस बदलली का? उशी घाल बाई गुडघ्यात. टाच बघ, लाल झाली का?” कायमची गेली तर इथल्या खोलीचे भाडे आणि माझे कॉलेज दोन्ही थांबेल. हे ती बोलत नाही, मीही विचारत नाही.

दिवाळीच्या सुटीत मी जाणार आहे. माणूस खाटेवर असताना चादर कशी बदलायची, ते गेल्या रविवारी आईने मला शिकवले. आधी एका कुशीवर वळवायचे, जुनी चादर पाठीशी गुंडाळायची, नवी तिच्याशी लावायची, मग दुसऱ्या कुशीवर. सराव कोणावर करायचा, असा प्रश्न पडला तेव्हा सहा नंबरच्या आजीच म्हणाल्या, “माझ्यावर कर.” माझे हात थरथरत होते. दोनदा चादरीला सुरकुती पडली. सुरकुतीनेही कातडी सोलते म्हणून आईने पुन्हा करायला लावले. तिसऱ्यांदा जमले तेव्हा आजींचा चेहरा घामाने भिजला होता. “आता वाचायला घे,” त्या म्हणाल्या.

एकवीस दिवसांची सुटी आहे. नातीची शाळा सुरू झाली की पुन्हा खाटेशी कोण, यावर आईचा आणि शेजारणीचा फोन अजून चालू आहे.