नेले कोणी, ठेवले कोणी

आमच्या घरात वस्तू हरवत नसत. त्या 'नेल्या' जात. दादीचा अडकित्ता पानदानातून जाई आणि दोन दिवसांनी पानदानातच सापडे. चष्मा जाई, तस्बीह जाई, कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा जाई. आम्ही भावंडे घर पालथे घालीत असू. दादी मात्र बाजेवर शांत बसून म्हणे, "लेको गये हुएंगे. काम हुआ तो लाको रख देंगे." कोण नेतात, हे ती बोलत नसे. तिन्हीसांजेला त्यांचे नाव घेऊ नये, असा तिचा दंडक होता. पण 'ते' कोण, हे आम्हाला पुरते ठाऊक होते.

नेवासा तालुक्यातले आमचे गाव. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. घर दगडमातीचे, मागे गोठा, माजघरात ज्वारीची उंच कणगी. रात्री दादी प्रत्येक भांड्यावर झाकण ठेवी, दार लावताना बिस्मिल्ला म्हणे. भांडी झाका, दारे लावा, अल्लाहचे नाव घ्या, ही तर हदीसमधलीच शिकवण. जिन्न ही आगीपासून घडवलेली मखलूक आहे, हे कुरआनात आहे. त्यामुळे जिन्नांवर विश्वास ठेवण्यात आम्हाला काही वावगे वाटत नसे. दादीच्या लेखी तर ते शेजारीच होते. शेजारीण जशी चाळणी मागून नेते आणि परत आणून देते, तसेच. फक्त मागायची पद्धत त्यांना नव्हती.

आज वाटते, त्या समजुतीत एक मोठे शहाणपण होते. जिन्नाने नेले म्हटले की घरातले सगळे सुटत. सुनेवर संशय नाही, पोरांना मार नाही, कामाच्या बाईकडे तिरका डोळा नाही.

आमच्या गावाहून सायकलने तासाभरावर शनिशिंगणापूर. तिथल्या घरांना दारे नाहीत. चोरी करणाऱ्यावर शनिदेवाचा कोप होतो, ही तिथली श्रद्धा. २०११ साली युको बँकेने तिथे कुलूप नसलेली शाखा उघडली तेव्हा देशभर बातमी झाली. चोरीच्या तक्रारींच्या बातम्याही अधूनमधून आल्याच. पण लहानपणी आम्हाला त्या गावाचा हेवा वाटे. तिथे वस्तूंची राखण दुसराच कोणी करी. आमच्याकडे दार होते, कडी होती, कुलूप होते, आणि तरी वस्तू जात होत्या.

१९८६ सालचा रमजान ऐन उन्हाळ्यात आला. ईदला आठ दिवस उरले असताना अम्मीची सोन्याची पोत गेली. अडकित्त्याची गोष्ट वेगळी आणि दोन तोळ्यांच्या पोतीची वेगळी. दादी म्हणाली, "रख देंगे." चार दिवस वाट पाहिली. कोणी ठेवली नाही. मग अब्बांच्या एका दोस्ताने दुसऱ्या गावचा आमिल आणला.

त्याने हाजरात लावली. नव्या वाचकांना ही रीत माहीत नसेल. आपल्या दख्खनी मुसलमानांच्या चालीरीतींवर जाफर शरीफ यांनी लिहिलेले 'कानून-ए-इस्लाम' १८३२ साली लंडनला इंग्रजीत छापले गेले. त्यातही हाजरातीचे वर्णन आहे. म्हणजे रीत जुनी. न्हाते-धुते न झालेले मूल बसवायचे, त्याच्या तळहाताला काजळ माखायचे, दिव्याच्या उजेडात त्या काळ्या डागात बघायला लावायचे. आमच्यातल्या एकाला बसवले. कोणाला, ते इथे लिहिण्याचे कारण नाही.

आमिल पढत होता आणि विचारत होता. झाडूवाला आला? आला. भिश्तीने पाणी शिंपडले? शिंपडले. गालिचा अंथरला? अंथरला. बादशहा तख्तावर बसले? बसले. आता त्यांना विचार, पोत कोणी नेली. बाई की पुरुष? बाई. घरातली की बाहेरची? माजघर माणसांनी भरले होते. अब्बा समोर होते, अम्मी रडत होती. "बाहेरची." हिरवी ओढणी आहे का? "आहे."

हिरवी ओढणी आमच्या खालाची होती. खाला म्हणजे नात्यातली नव्हे. गल्लीतली विधवा बाई. दळण, भांडी, शेणगोठा करायला रोज येई, रमजानात शेवया वळायला बसे. आम्हा सगळ्यांना तिने खांद्यावर खेळवले होते. तिला कोणी मारले नाही, पोलिसात दिले नाही. अब्बा एवढेच म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." ती दारात थोडा वेळ उभी राहिली. मग हातातले पीठ झाडून निघून गेली. ईद झाल्यावर ती गाव सोडून लेकीकडे श्रीरामपूरला गेल्याचे कळले.

त्या रात्री गच्चीवर आम्ही विचारले, "खरंच दिसलं का रे?" उत्तर आले, "काही दिसलं नाही. काजळ दिसलं." आम्ही चौघांनीही ते ऐकले आणि चौघेही गप्प राहिलो. सकाळी सांगू म्हटले. ती सकाळ आलीच नाही.

खाला गेल्यावर एक विचित्र गोष्ट झाली. वस्तू जात राहिल्या, पण परत येईनाशा झाल्या. अडकित्ता गेला तो गेलाच. चष्मे दोन करावे लागले. आमिलाला विचारले, तर तो म्हणाला, जिन्न नाराज आहेत; आणि दुसऱ्या फेरीचे पैसे त्याने सांगितले. अब्बांनी दिलेही.

पुढच्या जानेवारीत, नवी ज्वारी यायच्या आधी कणगी झाडायला घेतली. तळाशी एका चिंधीत पोत होती. तिच्यासोबत अडकित्ता, दोन किल्ल्या आणि आमच्या शाळेतले पितळी बक्षीस. चिंधी दादीच्या जुन्या कुडत्याची होती.

तोवर दादी आम्हाला आमच्या चुलत्यांच्या नावाने हाका मारू लागली होती. नगरच्या डॉक्टरांनी सांगितले, हा विसरण्याचा आजार आहे. अशी माणसे चोरीच्या भीतीने वस्तू जपून ठेवतात, कुठे ठेवल्या ते विसरतात आणि कोणीतरी नेल्या असे मनापासून मानतात. जर्मनीच्या अल्झायमर नावाच्या डॉक्टरांनी १९०६ साली अशाच एका बाईची हकीकत मांडली होती, त्यांच्या नावानेच हा आजार ओळखतात, हे आम्ही पुढे वाचले. दादी खोटे बोलत नव्हती. तिच्या बाजूने पाहिले तर वस्तू खरोखरच 'नेल्या' जात होत्या.

अम्मी आम्हाला घेऊन एस.टी.ने श्रीरामपूरला गेली. खालाने चहा केला. अम्मी माफी मागू लागली, तशी ती म्हणाली, "जाने दो." मग तिने विचारले, "अम्माजानला चष्मा सापडतो का आता? आधी चुलीमागच्या कोनाड्यात बघत जा. तिथं नसला तर उशीच्या खोळीत." अम्मी तिच्याकडे बघतच राहिली. वर्षभर खाला झाडलोट करताना वस्तू शोधून काढी आणि कोणाला न सांगता जागेवर ठेवून देई. "सांगितलं असतं तर म्हातारीची आब्रू गेली असती," ती म्हणाली. कणगीच्या तळापर्यंत मात्र तिचा हात पोचला नव्हता.

म्हणजे आमच्या घरात वस्तू परत आणून ठेवणारे कोणी तरी होते. आम्ही त्यालाच चोर ठरवून घालवले.

गावच्या पेशइमामांनी अब्बांना नंतर सुनावले, ते आठवते. सूरह सबामध्ये आहे की हजरत सुलेमान काठीला टेकून उभे असतानाच त्यांची वफात झाली. वाळवीने काठी खाल्ली, देह कोसळला, तोवर जिन्न राबतच राहिले. समोरचा मालक जिवंत आहे की नाही हे ज्यांना कळले नाही, त्यांना तुमच्या पोतीचा पत्ता कसा ठाऊक असणार? गैब जाणणारा एकच. भविष्य सांगणाऱ्याकडे जाणाऱ्याची चाळीस रात्रींची नमाज कबूल होत नाही, ही हदीसही त्यांनी ऐकवली. दादीच्या जिन्नांना त्यांनी हात लावला नाही. आमिलाच्या जिन्नांना मात्र मोडीत काढले.

पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे लिखाण वाचनात आले. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने भानामतीची प्रकरणे तपासली. कपडे पेटतात, दगड पडतात, वस्तू नाहीशा होतात. तपासाअंती दर वेळी माणसाचाच हात सापडे, आणि तो बहुधा घरातल्याच दबलेल्या, दुखावलेल्या माणसाचा. त्याचे नाव मात्र कार्यकर्ते जाहीर करीत नसत. त्याला एकांतात समजावीत, त्याचे दुःख ऐकून घेत. हे वाचताना आम्हाला खाला आठवली. तिने कुठलेही पुस्तक न वाचता तेच केले होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि अमुक माणूस करणी करतो, भुते लावतो असे जाहीर करून त्याचे जगणे मुश्किल करणे हा गुन्हा ठरला. आमच्या माजघरात खालावर करणीचा आरोप कोणी केला नव्हता, चोरीचा केला होता. पण ज्या दिवशी आम्ही न दिसणाऱ्याच्या तोंडून माणसाचे नाव काढून घेतले, त्या दिवशी आम्ही त्याच वाटेवर होतो.

आता दादी नाही, अब्बा नाहीत, खालाही नाही. अम्मी पंचाहत्तरीच्या पुढे आहे. गेल्या वर्षापासून तिचा चष्मा जाऊ लागला आहे. आम्ही आधी कोनाडा बघतो, मग उशीची खोळ. सापडला की पुसून तिच्या उशाशी ठेवतो. ती हात फिरवते, चष्मा लागतो आणि ती विचारते, "किसने रखा?"

आम्ही म्हणतो, "लाको रखे हुएंगे."